न दिसणाऱ्या कपड्यांचा इतिहास : धारणीतील एका शिवणयंत्राची गोष्ट (दीर्घ धागा)

१/२५
मागच्या दिवाळीत धारणीच्या घरी माळा आवरताना आईने एका वाक्यात निकाल दिला : "ते मशीन भंगारात देऊन टाक." यंत्र म्हणजे आजीचे, हाताने फिरवायचे, काळे सिंगर. आजीला जाऊन तीन वर्षे झाली. मी इतिहासाची विद्यार्थिनी. जुन्या वस्तूला कोणी भंगार म्हटले की जीव कासावीस होतो. "आधी चालवून पाहते," मी म्हणाले. आई गप्प राहिली. ती का गप्प राहिली, ते धाग्याच्या शेवटी सांगते. तिथवर थोडा इतिहास आणि थोडे शिवणकाम.

२/२५
धारणी हे अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, मेळघाटातील तालुक्याचे गाव. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल ओलांडले की धारणी येते. पलीकडे मध्य प्रदेश. बाजारात कोरकू, हिंदी आणि वऱ्हाडी तिन्ही भाषा कानी पडतात. आजी १९६३ साली लग्न होऊन येथे आली. १९६८ साली, म्हणजे माझ्या आईच्या जन्माच्या वर्षी, आजोबांनी हे यंत्र बुऱ्हाणपुरातून जुने विकत आणले.

३/२५
जुन्या सिंगर यंत्राच्या पायावर उजव्या बाजूला एक क्रमांक उमटवलेला असतो. आमच्या यंत्राचा क्रमांक इंग्रजी 'वाय' अक्षराने सुरू होतो. त्यावरून ते स्कॉटलंडमधील ग्लासगोजवळच्या क्लाइडबँक कारखान्यात, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तयार झाले हे कळते. हा कारखाना १८८५ ते १९८० पर्यंत चालला. यंत्राच्या लाकडी पेटीत तेलाने काळवंडलेली एक चिंधी होती. तिच्या कोपऱ्यात दोन काळ्या रेघा आणि एक ठिपका. मी ती बाजूला ठेवली. तुम्हीही ती लक्षात ठेवा.

४/२५
शिवणयंत्राचा जन्म शांततेत झाला नाही. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए याने १८३० साली यंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये लष्करी गणवेश शिवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने त्याची यंत्रे फोडली. अमेरिकेत इलियास होव याचे पेटंट १८४६ चे, आयझॅक सिंगर याचे १८५१ चे. सिंगर कंपनीने १८५० च्या दशकातच हप्त्यांवर विक्री सुरू केली. महाग यंत्र सामान्य घरात शिरले ते या हप्त्यांमुळे.

५/२५
यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही या यंत्राला अपवाद मानले. १९२४ साली दिल्लीत रामचंद्रन या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या यंत्राची स्तुती केली. पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते घडवले, अशी त्यांची समजूत होती. वास्तवातील सिंगरची एकाच वेळी अनेक बिऱ्हाडे होती आणि वेगवेगळ्या स्त्रियांपासून त्याला वीसहून अधिक मुले झाली. प्रेमकथा खोटी निघाली, तरी यंत्राने बायकांचे कष्ट वाचवले ही गोष्ट खरीच राहिली.

६/२५
भारतात हे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पसरू लागले. आधी शिंप्यांकडे, मग घरांत. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना, विशेषतः विधवांना, शिवणकाम शिकवले. घराबाहेर न पडता चार पैसे मिळवून देणारे हे दुर्मीळ साधन होते. १९३० च्या दशकात कोलकात्यात 'उषा' हे देशी यंत्र तयार होऊ लागले. पुढच्या पिढीच्या घरांत सिंगरच्या शेजारी तेही दिसू लागले.

७/२५
आमच्या यंत्रावर काय काय शिवले गेले? झबली, दुपटी, परकर, पोलकी, उश्यांचे अभ्रे आणि चड्ड्या. लहान मुलांच्या, मुलींच्या, स्वतःच्या. आजीने शिवलेली दोन पोलकी आजही कपाटात आहेत, एक झबलेही आहे. चड्डी एकही नाही. संग्रहालयात पैठणी असते, शालू असतो, पगडी असते. जे वस्त्र माणसाच्या अंगाला रोज, सर्वांत जवळ असते, ते कोणी जपून ठेवत नाही. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती.

८/२५
या वस्त्राला स्वतःचा इतिहास आहे. काष्ट्याची नऊवारी पायांमधून मागे खोचली जाते. कमरेखाली तीच वरच्या आणि आतल्या, दोन्ही वस्त्रांचे काम करते. गोल पातळाखाली परकर लागतो आणि मग चड्डीचीही गरज भासू लागते. आजी लग्नात नऊवारीत होती. काही वर्षांनी ती गोल नेसू लागली. हा बदल घरातील छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. त्याबरोबर आत आलेल्या दोन नव्या कपड्यांचा पुरावा छायाचित्रात कसा मिळणार?

९/२५
आता कापडाकडे वळू. आजी या चड्ड्या जुन्या बनियानांच्या कापडातून शिवत असे. 'गंजी' किंवा 'गंजीफ्रॉक' हा शब्द इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटावरून आला. तेथील खलाशांचे विणलेले अंगरखे प्रसिद्ध होते. शेजारच्या बेटाने 'जर्सी' दिली. 'बनियान'चा प्रवास उलटा. वाणी म्हणजे बनिया. त्यांच्यासारखा सैल अंगरखा भारतातील इंग्रज घालू लागले आणि त्याला 'बनियन' म्हणू लागले. तोच शब्द अर्थ बदलून आपल्याकडे परतला.

१०/२५
साध्या कापडात ताणा आणि बाणा असतो. उभे-आडवे धागे एकमेकांना काटकोनात छेदतात. बनियानाच्या कापडात एकाच धाग्याचे फास एकमेकांत गुंतलेले असतात, हाताने विणलेल्या स्वेटरसारखे. म्हणून ते ताणले जाते आणि पुन्हा आखडते. ही वीण यंत्रावर घालण्याची युक्ती विल्यम ली या इंग्रज धर्मोपदेशकाने १५८९ साली काढली. म्हणजे कापड विणण्याचे हे यंत्र शिवणयंत्रापेक्षा अडीचशे वर्षांनी मोठे आहे.

११/२५
भारतात होजिअरीचे कारखाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कोलकात्यात सुरू झाले. पुढे लुधियाना आणि तिरुपूर ही त्याची मोठी केंद्रे झाली. वऱ्हाडच्या वाचकाला येथे एक गोष्ट खुपते. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमेरिकेतील यादवीच्या काळात आपल्या कापसाला परदेशात मागणी वाढली आणि १८७० साली खामगावच्या कापूसबाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला. कापूस येथून गेला. बनियान मात्र बाहेरून विकत आणावे लागले आणि म्हणून ते फाटेपर्यंत, फाटल्यावरही वापरले गेले.

१२/२५
दुकानातून चड्डी विकत का घेतली नाही? एक कारण उघड आहे : पैसे. दुसरे कारण आजीनेच मला सांगितले होते. दुकानदार पुरुष, आजूबाजूची गिऱ्हाइके ओळखीची, आणि माप तोंडाने सांगायचे. "त्याच्यापुढं कंबर कितीची ते सांगू का मी?" ती म्हणायची. घरी शिवले की कोणाला काही विचारावे लागत नाही. लाज आणि स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी त्या एका यंत्रात होत्या. ग्रंथांत मला त्या नेहमी वेगवेगळ्या प्रकरणांत भेटल्या.

१३/२५
पण सिंगरवर बनियानाचे कापड शिवणे अवघड असते. या यंत्राचा टाका दोन धाग्यांचा. वरचा धागा सुईतून येतो, खालचा होडीच्या आकाराच्या शटलमधून. दोघे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. ही शिवण मजबूत असते, पण लवचीक नसते. चड्डी चढवताना कापड ताणले जाते, धागा ताणला जात नाही आणि शिवण तुटते. शिवाय सुई बोथट असेल तर ती धागाच तोडते आणि फासाखालून फास सुटत जातो.

१४/२५
कारखान्यांनी या अडचणीवर उपाय शोधला तो ओव्हरलॉक यंत्राचा. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात मेरो कुटुंबाची होजिअरीची गिरणी होती. त्यांनी १८८९ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्याचे धागे कापडाच्या काठाभोवती वळसे घेतात, त्यामुळे शिवणही कापडाबरोबर ताणते. आज आपल्या टी-शर्टची आतली बाजू उलटून पाहा. तीच शिवण दिसेल. धारणीच्या घरात असे यंत्र असणे शक्य नव्हते. तेथे उपाय हातानेच शोधावा लागला.

१५/२५
आजीचे उपाय असे. सुई नवी घ्यायची. वरच्या धाग्याचा ताण सैल करायचा. टाका बारीक ठेवायचा. टाके जितके जवळजवळ, तितका जास्त धागा शिवणीत बसतो आणि ती थोडी तरी ताणते. यंत्राच्या दातांनी मऊ कापड गिळू नये म्हणून खाली वर्तमानपत्राची पट्टी घालायची आणि नंतर ती फाडून काढायची. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिवताना कापड दोन्ही हातांनी, सुईच्या पुढून आणि मागून, किंचित ताणून धरायचे.

१६/२५
येथेच खरी अडचण होती. हाताच्या यंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवावे लागते; कापडासाठी उरतो एकटा डावा हात. म्हणून बनियानाचे कापड शिवायला दोन माणसे लागत. आजी दोन्ही हातांनी कापड धरायची आणि हँडल कोणीतरी दुसरे फिरवायचे. माझ्या लहानपणी ते काम माझे होते. "हळू वो माय, हळू. गाडी चुकते का तुही?" हे मला आजही ऐकू येते. माझ्याआधी हँडल कोण फिरवत होते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

१७/२५
बेतण्याची रीतही सांगून ठेवते. साध्या बनियानाला बगलेखाली शिवण नसते. ते नळीसारखे विणलेले असते. ते एका बाजूने उभे कापून उलगडायचे. काखेजवळचा विरलेला भाग टाकून द्यायचा. पोटाचा आणि पाठीचा भाग चांगला असतो. कापड जास्त ताणते ती दिशा कमरेभोवती आली पाहिजे. वर्तमानपत्राचा नमुना ठेवून पुढचा आणि मागचा भाग कापायचा. दोन पायांच्या मधला तुकडा दुहेरी घ्यायचा. मोठ्या माणसाच्या एका बनियानात लहान मुलीच्या दोन चड्ड्या बसतात.

१८/२५
कमरेला नाडी की इलॅस्टिक? कपड्यांसाठी रबरी इलॅस्टिकचे पेटंट लंडनच्या टॉमस हॅनकॉकने १८२० साली घेतले होते. ते आमच्या घरी पोचायला दीडशे वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतल्यावर ब्रिटनमध्ये रबराचा तुटवडा झाला आणि इलॅस्टिक दुर्मीळ झाले. आजी सुरुवातीला नाडीच घालायची. इलॅस्टिक आल्यावर जुन्या चड्डीचे काढून नव्या चड्डीत ओवायचे, असा नियम होता. ते तुटून संपेपर्यंत तीन-चार चड्ड्या पाहायचे.

१९/२५
हे फक्त गरीब देशात घडले असे समजू नका. ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांवर रेशन होते. १९४३ साली सरकारनेच जुन्यातून नवे करण्याची मोहीम चालवली आणि बायकांनी पॅराशूटच्या रेशमातून आतले कपडे शिवले. महामंदीच्या काळात अमेरिकेतील शेतकरी घरांत पिठाच्या पोत्यांच्या कापडातून तेच झाले. भारतातही १९४३ साली कापडाचा तुटवडा इतका वाढला की सरकारला नियंत्रित दराचे 'स्टँडर्ड' कापड काढावे लागले. पॅराशूटच्या कपड्यांवर पुस्तके निघाली. बनियानाच्या चड्डीवर कोणी दोन ओळीही लिहिल्या नाहीत.

२०/२५
ऐंशीच्या दशकात एका वसतिगृहातील कोरकू मुली रविवारी आजीकडे येत. मुलींना मिळायच्या वस्तूंची यादी आजीला पाठ होती : दोन गणवेश, टॉवेल, साबण, खोबरेल तेल. आतल्या कपड्याचे नाव यादीत नव्हते. पाळी सुरू झालेल्या मुलीला त्यावाचून वर्गात बसता येत नसे. "यादी लिवणारा माणूस असन. त्याले काय ठाव?" आजी म्हणायची. मुली जुने बनियान आणायच्या, मोबदल्यात मूठभर चारोळी. त्यांतील दोघी हे शिवायलाही शिकल्या. मी अभिलेखागारात यादी वाचते तेव्हा हल्ली आधी हे पाहते की ती कोणी लिहिली असेल.

२१/२५
शिवलेले कपडे वाळायचे कसे? दोरीवर, टॉवेलखाली किंवा परकराखाली झाकून. ऊन थेट लागायला हवे हे आजीला कळत होते, पण अंगण रस्त्यावरून दिसायचे. आजही अनेक घरांत हेच चालते. मला वाटते, आपली साधने अपुरी का आहेत याचे उत्तर त्या दोरीवर आहे. जे उन्हातही उघडे ठेवता येत नव्हते, ते कागदावर कसे येणार? छायाचित्र काढण्यापूर्वी दोरी आधी रिकामी केली जात असे.

२२/२५
दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी मी यंत्राला तेल दिले, सुई बदलली आणि बाबांचे एक जुने बनियान कापायला घेतले. आजकालची साधी सुईही त्या यंत्रात बसते. पण एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने कापड ताणणे मला जमेना. शिवण कधी चुणायची, कधी टाकेच सुटायचे. तिसऱ्यांदा उसवताना आई मागे येऊन उभी राहिली. मग स्टूल ओढून बसली आणि हँडल हातात घेतले. तिचा वेग अचूक होता. शिवण सरळ जाऊ लागली.

२३/२५
"तुला येतं?" मी विचारले. आई चाक फिरवत राहिली. काही वेळाने म्हणाली, "सहा वर्षांची असल्यापासून." मेळघाटात व्याघ्रप्रकल्प आला त्याच सुमारास, १९७४ च्या हिवाळ्यात, आजोबा वारले. आजी एकोणतीस वर्षांची होती. "तेराव्यानंतर बाबाचे सारे कपडे देऊन टाकले. धोतर, सदरे, कोट. बनियान कोणी घेत नाही दानात. नऊ होते. आईनं ते माह्यासाठी कापले. हँडल मीच फिरवलं." एवढे बोलून तिने दोरा तोडला.

२४/२५
मी पेटीतली ती चिंधी तिच्यापुढे ठेवली. दोन रेघा आणि एक ठिपका. बिब्ब्याच्या रसाची खूण धुण्याने जात नाही, म्हणून धोबी तीच घालत. बिब्बा मेळघाटच्या जंगलात भरपूर. ही आजोबांच्या कपड्यांवरची खूण होती. "साऱ्या चड्ड्यांवर होती," आई म्हणाली. "शाळेत कोणी पाहीन म्हणून मी ते उलट्या घालायची. मरेलोक विसरणार नाही." घरी शिवलेल्या कपड्यांविषयी मी कौतुकाने बोलत होते तेव्हा ती गप्प का राहिली, ते मला तेव्हा कळले. चड्डी एकही उरली नाही हे माझे म्हणणे चुकीचे होते. एकीचा तुकडा पन्नास वर्षे यंत्र पुसत राहिला होता.

२५/२५
यंत्र धारणीतच आहे. आईने ते भंगारात दिले नाही, मीही अमरावतीला नेले नाही. चिंधी तिने परत पेटीत ठेवली. प्रबंधासाठी तिचे छायाचित्र काढू का, असे मी विचारले नाही. आम्ही दोघींनी मिळून शिवलेली चड्डी एका बाजूने किंचित मोठी झाली आहे, पण शिवण टिकली आहे. तुमच्या घरी असे यंत्र असेल तर त्याचा क्रमांक पाहा, पेटीचा खण उघडा आणि ते कोण चालवत असे एवढेच विचारून थांबू नका. हँडल कोण फिरवत असे, तेही विचारा. सांगावेसे वाटले तर या धाग्याखाली लिहा. मी वाचेन.